मारकी शेळी विकण्याआधी

आज आपण मारक्या शेळीबद्दल बोलू.

चार-पाच शेळ्यांचा कळप असतो. त्यात एक शिंगांची असते. खुराक ठेवला की ती इतरांना ढुशी मारते आणि गव्हाण अडवून उभी राहते. मग घरातले म्हणतात, "द्या विकून." पण बरेचदा हीच शेळी सगळ्यांत धडधाकट असते, जुळी करडं देणारी असते. आपल्याकडं शेळी म्हणजे अडीनडीला बाईच्या हाती येणारा पैसा. तेव्हा विकण्याआधी ती का मारते, ते बघू.

आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी सगळ्यांना माहीत आहे. या जातीत बोकडांना बहुतेक शिंगं असतात, पण शेळ्यांमध्ये काही शिंगांच्या, काही बिनशिंगाच्या. दोन्ही एकाच दावणीला आल्या की शिंगवालीचं पारडं जड होतं. शेळ्यांमध्ये मोठी कोण, धाकटी कोण, हे टकरीनंच ठरतं. समोरासमोर डोकं भिडवलं, एक बाजूला झाली की भांडण मिटतं. याला घाबरायचं कारण नाही.

धोका कुठं आहे? हरलेलीला पळायला जागा नसते तिथं. मग ढुशी डोक्यावर न बसता बरगडीत किंवा पोटावर बसते. शेळी पाच महिने गाभण असते. शेवटच्या दिवसांत पोटावर मार बसला, तर ती गाभडू शकते. दुसरं नुकसान पटकन दिसत नाही. दबलेली शेळी रोज अर्धपोटी राहते, दूध कमी देते, तिची करडं अशक्त निपजतात. आपण म्हणतो हिची पैदासच हलकी. खरं तर तिला गव्हाणीपर्यंत पोचताच येत नाही.

म्हणून आधी गव्हाण मोजा. मोठ्या शेळीला तोंड घालायला एक ते सव्वा फूट जागा लागते. पाच शेळ्या असतील तर गव्हाण सहा फूट हवी. लांब गव्हाण जमत नसेल, तर दोन पाट्या दोन टोकांना ठेवा. शेवरी, सुबाभूळ, बोरीचा पाला एकाच ठिकाणी न टाकता तीन-चार जागी टांगा. एक शेळी एका वेळी सगळीकडं पहारा देऊ शकत नाही. खुराक देताना मारकीला आधी बांधा, तिचा वाटा तिच्यापुढं ठेवा, मग इतरांना द्या.

नंतर गोठा बघा. मोठ्या शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट जागा लागते, बाहेर मोकळं फिरायला त्याच्या दुप्पट. अडचणीचा कोपरा असेल तर तिथं दगड, लाकडाचा ओंडका किंवा उंच ओटा करा. शेळीला चढायला आवडतं आणि दबलेलीला निसटायला जागा मिळते. आणखी एक पक्कं लक्षात ठेवा. एक शेळी बांधलेली आणि मारकी मोकळी, असं कधीच ठेवू नका. बांधलेलीला पळता येत नाही. शेवटचा दीड महिना गाभण शेळी आणि व्याल्यावर तिची करडं वेगळ्या आडोशाला ठेवा.

नवी शेळी आणली की मारामारी वाढते. ती निदान तीन आठवडे वेगळी ठेवा, म्हणजे रोगही कळपात शिरत नाही. शेवटचे काही दिवस मध्ये फक्त जाळी ठेवा, एकमेकींना बघू द्या, वास घेऊ द्या. मग सगळ्यांची पोटं भरलेली असताना, दिवसा, मोकळ्या रानात एकत्र सोडा. रात्री गोठ्यात नको.

शिंगांचं काय करायचं? मोठ्या शेळीची शिंगं घरी कापू नका. शिंगात रक्त असतं आणि आतली पोकळी कपाळाच्या पोकळीशी जोडलेली असते. कापलं तर रक्त वाहतं, जखम चिघळते, पावसाळ्यात किडे पडतात. फक्त टोकं कानशीनं बोथट करा, किंवा टोकांवर रबरी नळीचे तुकडे चिकटपट्टीनं पक्के बसवा. करडाच्या शिंगांचे कोंब जाळायचे असतील तर ते पहिल्या दोन आठवड्यांत आणि पशुवैद्यकाच्याच हातून.

बोकडाची गोष्ट वेगळी. माजावरच्या शेळीजवळ तो माणसालाही मारतो. त्याला वेगळा बांधा, त्याच्याकडं पाठ करून वाकू नका. पोरांना करडाशी डोकं लावून खेळू देऊ नका. आज गंमत वाटते, उद्या तोच मोठा होऊन म्हाताऱ्या सासूबाईंना पाडतो. पैदाशीला न ठेवायचे बोकड तीन-चार महिन्यांच्या आत डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. मग चार शेळ्यांसाठी प्रत्येकीनं बोकड कशाला पाळायचा? गटात मिळून एक चांगला ठेवता येतो.

आता महत्त्वाचं. शेळी गाभडली की लगेच मारकीवर आळ घेऊ नका. एकीपाठोपाठ दुसरी गाभडली, तर ब्रुसेला रोगाची शंका घ्या. तो माणसालाही होतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, चुना टाकून खोल पुरा, दूध उकळूनच प्या आणि १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकाला कळवा. शांत शेळी एकाएकी डोकं आपटायला किंवा गोल फिरायला लागली, तर तोही आजार असतो. तिला दाखवायलाच हवं.

एवढं करून महिनाभर बघा. कोण कुणाला मारते, कधी मारते, ते वहीत टिपा. खुराकाच्या वेळीच मारत असेल तर दोष गव्हाणीचा. तसंच ठेवून ती विकली, तर तिची जागा दुसरी घेईल. जागा आणि चारा पुरेसा असूनही ती गाभणीच्या पोटावर धावत असेल, तर मात्र ती विका. पण वजन करून, भाव विचारून आणि तुमच्या स्वतःच्या निर्णयानं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या गव्हाणीचं माप सांगायचं. दोरी घ्या आणि आजच मोजा.