खडखड अंगवळणी पाडू नका!

धाकट्या दिरांनी हौसेने आपल्या वेगवान गाडीला बाहेरून आणलेलं स्पोर्ट्‌स सस्पेन्शन बसवलं आणि प्रत्येक गतिरोधकावर खडखड सुरू झाली. गॅरेजवाले म्हणाले, "ताई, असल्या गाडीत आवाज यायचाच!" मला पटेना. कडक सस्पेन्शनमध्ये धक्के बसतात, पण खडखड होते ती बहुधा काहीतरी सैल असल्यामुळे. मी लिंक रॉड तपासायला लावला. नट चक्क हाताने फिरत होता! तो आवळला. उरली रबरी बुशची करकर. चाकं अधांतरी असताना बुशचे बोल्ट आवळले, की गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं, लवकर फाटतं. ते ढिले करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. करकर थांबली. मैत्रिणींनो, घाटात नट निखळण्यापेक्षा गॅरेजमध्ये दोन प्रश्न विचारलेले बरे, नाही का?