अक्कलदाढ काढल्यानंतर राहणारी बधिरता

खालची अक्कलदाढ काढून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण पेजेचा पहिला घोट घेतो. पेज ओठाच्या कडेने हनुवटीवर ओघळते आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. भूल तर आदल्या संध्याकाळीच उतरावयास हवी होती. ‘ओठ माझो नाय, असा वाटता,’ अशा शब्दांत आपल्या भागातील रुग्ण ही अवस्था सांगतात आणि याहून नेमके वर्णन वैद्यकीय पुस्तकातही मिळणार नाही. घरातील मंडळी मात्र धास्तावतात. कोणास लकव्याची शंका येते, तर कोणी इंजेक्शनला दोष देतो. आपल्या रुग्णालयाचे हितचिंतक आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांना या तक्रारीचे स्वरूप कळावे, एवढ्याचसाठी अहवालातील हे पान राखले आहे.

प्रथम भीती दूर करू. हा लकवा नव्हे. चेहऱ्याच्या स्नायूंना हालचाल देणारी नस वेगळी असते. तिला इजा झाली तर तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही. (तसे काही दिसल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.) अक्कलदाढेनंतरची बधिरता ही स्पर्श, वेदना व उष्णता यांची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या नसांशी निगडित आहे. ओठ हलतो, शीळ घालता येते, हसू सरळ उमटते. फक्त कळत नाही.

अशा दोन नसा अक्कलदाढेच्या अगदी शेजारून जातात. पहिली खालच्या जबड्याच्या हाडातील बारीक बोगद्यातून पुढे जाते आणि हनुवटीपाशी बाहेर पडून खालच्या ओठाला व हनुवटीला जाणीव देते. काही जणांच्या दाढेची मुळे या बोगद्याला टेकलेली असतात, क्वचित त्यात शिरलेलीही असतात. दुसरी नस जिभेची. ती दाढेच्या आतल्या अंगाने, पुष्कळदा केवळ हिरडीच्या पातळ आवरणाखालून जाते. जिभेच्या पुढील दोनतृतीयांश भागाच्या चवीचे तंतूही हिच्याच सोबतीने जात असल्याने, ती दुखावली तर सोलकढीचा आंबटपणा जिभेच्या एकाच बाजूस लागतो.

पहिल्या नसेचा बोगदा क्ष-किरण चित्रात दिसतो, दुसरी नस दिसत नाही. 1990 साली रूड आणि शेहाब या संशोधकांनी क्ष-किरण चित्रातील धोक्याच्या सात खुणांचा अभ्यास केला. त्यांपैकी बोगद्याचे वळण बदलणे, मुळावर काळसर छाया येणे आणि बोगद्याची पांढरी कड तुटणे या तीन खुणांचा नसेच्या इजेशी विशेष संबंध आढळला. अशी खूण दिसल्यास कोन-बीम सीटी तपासणी करावी लागते. कधी दाढेचा केवळ माथा कापून मुळे जागीच ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. आणि जी दाढ काहीच त्रास देत नाही, ती ‘पुढे त्रास नको’ म्हणून काढण्याची घाई करू नये. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने 2000 साली तसेच मार्गदर्शन केले होते.

मग बधिरता जाते का? बहुतेकांची जाते. खालच्या ओठाची कायमची बधिरता सर्वसाधारणपणे शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सेडन या ब्रिटिश शल्यविशारदाने जखमी सैनिकांच्या नसा तपासून 1943 मध्ये इजेचे तीन प्रकार मांडले, ते आजही उपयोगी पडतात. नस नुसती दबली असेल तर काही दिवसांत वा आठवड्यांत जाणीव परतते. आतील तंतू तुटले पण वरचे आवरण शाबूत राहिले, तर तंतू पुन्हा वाढतात. मात्र त्यांची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. दाढेपासून ओठापर्यंतचे अंतर पाच-सहा सेंटिमीटर धरले, तरी दोन महिने सहज जातात. नस पूर्ण तुटली असेल तर ती आपोआप नीट जुळण्याची आशा फार थोडी.

सुधारणा होऊ लागली की प्रथम मुंग्या येतात. रुग्णास वाटते, दुखणे वाढले. वास्तविक ते बहुधा शुभचिन्ह असते. जळजळ किंवा विजेचा झटका बसल्यासारखी कळ टिकून राहिली, तर मात्र ती सांगावयास हवी. बी-12 च्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. शरीरात त्या जीवनसत्त्वाची कमतरता नसेल तर त्यांनी नस लवकर भरून येते, असा भक्कम पुरावा नाही.

खरा धोका गप्प बसण्याचा आहे. दाढ काढून झाली, दुखत तर नाही, मग रोजंदारी बुडवून पुन्हा कशाला जायचे, असा विचार करून माणूस सहा महिने घालवितो. सूक्ष्म शस्त्रक्रियेने नस जोडण्याचा विचार पहिल्या काही महिन्यांतच करावा लागतो. विशेषतः तीन महिन्यांनंतरही जीभ पूर्ण बधिर असेल तर तज्ज्ञांचे मत घेण्यास विलंब करू नये. इन्सुलीहून महामार्गाने बांदा, पत्रादेवी ओलांडले की बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

यासाठी प्रारंभी लागते ते कोणतेही यंत्र नव्हे, हे देणगीदारांसमोर प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या हनुवटीवरून कापसाचा बोळा फिरवावयाचा, जेथे कळत नाही तेथे सीमा धरावयाची आणि तो नकाशा तारखेसह केसपेपरवर काढावयाचा. पुढील महिन्यात तो आक्रसला की नाही, हे रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. धीर देण्याच्या शब्दांपेक्षा या आकृतीचा उपयोग अधिक होतो.

तोवर घरच्यांनी चहा व पेज कोमट करून द्यावी, मासळीचे काटे काढून वाढावे. सुन्न हनुवटीवर गरम शेक देऊ नये. भाजल्याचे कळणार नाही. जेवताना ओठ किंवा जीभ दाताखाली येते, म्हणून रात्री आरशात पाहून जखम नाही ना, याची खात्री करावी.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही बधिरता राहिली असेल तर त्याच दिवशी यावे. दाढ अन्यत्र काढली असली तरी संकोच करू नये. येताना जुना क्ष-किरण फोटो मात्र सोबत आणावा.