चढाईला निघालेला राखणदार

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान, ध्यानचंद आणि वाकून धावणारे अकरा जण डोळ्यांपुढे येतात. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हणा, ती बर्फावरचीच. 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद बर्फ, भोवती कुंपण, गोलरक्षक धरून एका संघाचे सहा जण आणि चेंडूऐवजी ‘पक’, म्हणजे एक इंच जाडीची कडक रबरी चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो, मग कुंपणावरून आत उडी टाकून बाकावर बसतो आणि त्याच्या जागी ताजा गडी उतरतो.

सहांपैकी दोघे बचावपटू. समोरच्याला कुंपणाशी दाबायचं, आपल्या गोलसमोर कुणाला उभं राहू द्यायचं नाही, पक हाती लागला की पुढच्याकडे देऊन मोकळं व्हायचं, एवढंच त्यांचं काम. गोल करायचे ते आघाडीच्या तिघांनी. कबड्डीत कोपऱ्यातल्या गड्याने पकड करावी आणि चढाईला दुसऱ्याने जावं, तशी ही वाटणी. बॉबी ऑरने ती मोडली.

ऑरचा जन्म 20 मार्च 1948चा, ओंटारिओतल्या पॅरी साउंड या छोट्या गावातला. वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामाला. गावातली नदी गोठली की पोरं तिच्यावर ‘शिनी’ खेळायची. शिनीत ना पंच, ना ठरलेल्या जागा. पक ज्याच्याकडे, तो कुणी हिसकावून घेईपर्यंत त्याचाच. पुढे ऑरचा जो खेळ जगाने पाहिला, त्याची मुळं मला एखाद्या प्रशिक्षकाच्या फळ्यापेक्षा या नदीवर जास्त दिसतात.

बॉस्टन ब्रुइन्स हा तेव्हा नॅशनल हॉकी लीगमधला तळाचा संघ. त्यांची माणसं एका स्पर्धेला भलत्याच दोन मुलांना पाहायला गेली आणि या पोराला पाहून परतली. 1962 साली, चौदाव्या वर्षी, त्याला करारात बांधलं. त्या बदल्यात जे मिळालं त्यात घराच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा करून देण्याचीही अट होती! मग ओशावा जनरल्स या कनिष्ठ गटातल्या संघाकडून तो आपल्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या मुलांविरुद्ध खेळला आणि 1966मध्ये, अठराव्या वर्षी, बॉस्टनला आला. त्या हंगामात संघ शेवटचाच राहिला, पण सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान ऑरला मिळाला.

तो बुटात मोजे घालत नसे. इतर खेळाडू स्टिकच्या पात्यावर काळी पट्टी गुंडाळून घेत, याची मात्र कमी कमी होत अखेर एकच पट्टी उरली. आपल्या गोलमागे पक उचलायचा, वेग घ्यायचा, आडवे येणारे एकेक करून मागे टाकायचे आणि समोरच्या गोलरक्षकापुढे उभं राहायचं. तिथे पक गेला तर? राखणदार घर सोडून शंभर-दीडशे फूट पुढे आलेला. पण ऑर इतक्या झटक्यात मागे फिरायचा की प्रतिस्पर्ध्याला मोकळी जागा सापडेपर्यंत हा परत दारात हजर.

आकडे पाहा. 1969-70च्या हंगामात 33 गोल आणि 87 साहाय्य, मिळून 120 गुण. गुणांच्या यादीत बचावपटू पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी 139. पण मला त्याच वर्षाचा तिसरा आकडा जास्त बोलका वाटतो. दोन्हीकडचे गडी समसमान असताना, आपण बर्फावर असताना संघाने केलेल्या गोलांतून संघावर झालेले गोल वजा करायचे. ऑरचा हिशेब अधिक 124 आला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. गोल करण्याच्या नादात हा घर उघडं टाकतो, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर नको. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने ओळीने आठ वर्षं नेला.

10 मे 1970, रविवार. ‘गार्डन’ या बॉस्टनच्या जुन्या बंदिस्त स्टेडियममध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या. लीगच्या अंतिम फेरीत सेंट लुईसविरुद्ध 3-3 बरोबरी, जादा वेळ सुरू होऊन चाळीस सेकंद. ऑरने पक सहकारी सँडरसनकडे दिला आणि गोलकडे झेपावला, परतीचा पास त्याने जाळ्यात मारला. त्याच क्षणी सेंट लुईसच्या पिकार्डच्या स्टिकमध्ये पाय अडकला आणि ऑर हात पसरून हवेत आडवा. रे लुसिएने टिपलेलं ते छायाचित्र जगभर गेलं. बॉस्टनला 29 वर्षांनी लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली करंडक मिळाला. आज गार्डनबाहेरचा पुतळाही हवेतच आहे.

हवेतून खाली येणं मात्र डाव्या गुडघ्यावर व्हायचं. पहिल्याच हंगामात एका धडकेत तो दुखावला होता. दुर्बिणीने गुडघा दुरुस्त करण्याचे दिवस अजून यायचे होते. गुडघा उघडायचा आणि फाटलेली कूर्चा काढून टाकायची, हाच उपाय. कूर्चा गेली की हाडावर हाड घासतं. डझनभराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. 1976च्या कॅनडा कपमध्ये तो कसाबसा चालत होता, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

त्याच वर्षी त्याने बॉस्टन सोडलं. ब्रुइन्सनी संघाची 18.5 टक्के मालकी देऊ केली होती, पण आपला प्रतिनिधी अ‍ॅलन ईगलसनने ते सांगितलंच नाही, असं ऑर म्हणतो. ईगलसन म्हणजे घरचाच माणूस, खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख. 1998 साली फसवणुकीच्या खटल्यांत त्याने स्वतःच गुन्हा कबूल केला. शिकागोकडून ऑर तीन हंगामांत मिळून 26 सामने खेळू शकला. स्वीडनचा बचावपटू निकलस लिडस्ट्रॉम पुढे डेट्रॉइटसाठी वीस हंगामांत 1564 सामने खेळला. ऑरचे सगळे मिळून 657.

नोव्हेंबर 1978मध्ये तो थांबला. पुढच्या जानेवारीत बॉस्टनने त्याची चार नंबरची जर्सी छताला टांगली. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, भाषणांचा ठरलेला कार्यक्रम बराचसा गुंडाळावा लागला. त्याच वर्षी निवृत्तीनंतरची नेहमीची प्रतीक्षा माफ करून त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. वय 31.