लोकरीचा धागा, कोंबड्याचे पीस आणि एक चांगला गळ

पिसे, लोकर आणि दोरा गळाच्या दांडीवर गुंडाळून पाण्यातल्या किड्याची किंवा चिमुकल्या माशाची प्रतिकृती घडवायची आणि तिच्या आधारे मासा फसवायचा, या कलेला ‘फ्लाय टाइंग’ म्हणतात. मराठीत तिला ‘माशी बांधणे’ म्हणता येईल. हा छंद खर्चिक आहे, असा सार्वत्रिक समज आहे. परदेशी बनावटीची उपकरणे, रंगवलेली पिसे आणि शेकडो प्रकारचे धागे पाहिले की तो समज पक्काही होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. इ. स. 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांच्या माशीचे वर्णन करून ठेवले आहे. गळाभोवती गुंडाळलेली तांबडी लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे, एवढेच तिचे साहित्य होते. काठी सहा फुटांची आणि दोरी तेवढ्याच लांबीची. या कलेच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक अशी गरिबाघरची आहे.

हा छंद कमी पैशांत कसा सुरू करता येईल, हे पाहण्यासाठी भोपाळ हे उत्तम उदाहरण ठरते. तलावांच्या या शहरात गळ टाकून बसणारे पूर्वापार आहेत. सुमारे 70 किलोमीटरवर नर्मदा वाहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बेगमांच्या राजवटीत बहरलेले जरी-जरदोजीचे काम आणि भोपाळी बटवे यांसाठी जुन्या शहरातला चौक बाजार आजही ओळखला जातो. जरदोजीच्या कारागिराला लागणारे निम्मे साहित्य माशी बांधणाऱ्यालाही लागते. चपटी चमकदार पट्टी म्हणजे बादला, रेशमावर गुंडाळलेली जर म्हणजे कलाबतू, बारीक वेटोळ्यांची तार म्हणजे सलमा. परदेशी दुकानात हीच वस्तू ‘टिन्सेल’ म्हणून छोट्या रिळावर मिळते. अस्सल जरीची येथे गरज नाही. प्लास्टिकच्या पातळ पट्टीची नकली जर पाण्यात काळवंडत नाही, म्हणून ती उलट अधिक उपयोगी.

उपकरणांचेही तसेच आहे. गळ घट्ट धरून ठेवण्यासाठी शेगडा लागतो. सुरुवातीला त्याच्या जागी टेबलाला आवळून बसवलेली ग्रिप पक्कड किंवा घड्याळजी वापरतात तो पिन-व्हाइस चालतो. दोरा ताणलेला राहावा म्हणून खास बॉबिन मिळते. पण दोऱ्याला लटकवलेला कपड्यांचा जड चिमटाही तेच काम करतो. पिसाचे टोक धरायला विजेच्या सामानाच्या दुकानातली मगरीच्या जबड्यासारखी क्लिप, टोचायला बुचात खोवलेली सुई, कापायला भरतकामाची टोकदार कात्री. शेवटच्या गाठीवर लावायला नखांना लावायचे पारदर्शक पॉलिश. दोरा मात्र नेहमीच्या शिलाईचा नको, कारण त्याने माशीचे डोके फुगते. शिंप्याकडील ओव्हरलॉक यंत्राचा पातळ पॉलिएस्टर दोरा मेणावरून ओढून घेतला की तो पिसाला धरून राहतो.

लोकर घरातल्या जुन्या स्वेटरची चालते. तांब्याची बारीक तार मोटर वाइंडिंगच्या दुकानात कात्रणाच्या भावाने मिळते. कोंबडीच्या दुकानात गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे टाकून दिली जातात. ती कोमट पाण्यात साबणाने स्वच्छ धुवावीत, उन्हात कडक वाळवावीत आणि डांबराच्या गोळीसह बंद डब्यात ठेवावीत. साधेपणामुळे माशी कमअस्सल ठरत नाही. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची जगप्रसिद्ध ‘किलर बग’ ही माशी केवळ रफू करायची लोकर आणि बारीक तार यांची होती.

काटकसर कुठे करू नये, हेही कळले पाहिजे. ती जागा म्हणजे गळ. मऊ लोखंडाचा गळ मासा ओढू लागताच सरळ होतो, बोथट गळ माशाच्या जबड्यात रुततच नाही, आणि तासभर खपून बांधलेली माशी वाया जाते. म्हणून शिल्लक पैसा गळावर घालावा. गळाचा क्रमांक जसजसा वाढतो तसतसा गळ लहान होतो. नवशिक्याने लांब दांडीचा 8 किंवा 10 क्रमांकाचा गळ घ्यावा. तो हाताला आणि डोळ्याला सोयीचा असतो.

पहिली माशी लोकरीच्या अळीची बांधावी. गळाच्या डोळ्यामागे थोडी जागा मोकळी सोडून दोरा दांडीवर शेजारी शेजारी गुंडाळत वाकापर्यंत न्यावा. तेथे तांबड्या लोकरीचे आखूड शेपूट, तांब्याची तार, पिसाचे टोक आणि काळ्या किंवा शेवाळी लोकरीचा धागा एकामागून एक बांधून घ्यावा. दोरा पुढे आणावा. मग लोकर गुंडाळत पुढे यावे, तिच्यावरून पीस अंतराअंतराने फिरवावे आणि शेवटी तार उलट दिशेने फिरवून पीस जखडून टाकावे. ही उलट तार महत्त्वाची, कारण तिच्यामुळे माशाच्या दातांनी पीस तुटले तरी उलगडत नाही. पाण्यात पिसाचे तंतू मिटतात आणि उघडतात, तेव्हा माशाला जिवंत हालचालीचा भास होतो. डोळ्यामागे चार-पाच अर्ध्या गाठी मारून वर पॉलिशचा थेंब सोडला की माशी तयार. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे डोळ्यापर्यंत सारे कोंबणे. मग ओढीची दोरी ओवायला जागाच उरत नाही. एकाच प्रकारच्या दहा माशा बांधल्या की दहावी पहिलीहून निश्चित चांगली उतरते. दहा प्रकारांचे साहित्य विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त आणि लाभाचे.

फुकटच्या पिसांचा मोह मात्र कायद्याच्या चौकटीत ठेवावा लागतो. मोराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्याच्या आपोआप गळालेल्या शेपटीच्या पिसांच्या देशांतर्गत व्यवहाराला सूट आहे. पण पक्ष्याला इजा करून मिळवलेले पीस हा गुन्हा आहे आणि निर्यातीला मनाई आहे. गोव्याच्या घाटातही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील, मीनाकारीसारखे ठिपके असलेल्या पिसांना एकेकाळी इंग्लंडमध्ये मोठी मागणी होती. रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात हिंदुस्थान सरकारने 1902 मध्येच बंद केली. गावठी कोंबडा असताना रानपक्ष्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

पाण्याचेही भान हवे. भोपाळचा बडा तलाव शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी पुरवतो आणि 2002 पासून भोज पाणथळ म्हणून रामसर यादीत आहे. अशा ठिकाणी माशीला वजन देण्यासाठी शिसे वापरू नये. तांब्याची तार किंवा पितळी मणी पुरेसा होतो. तलावाकाठचा वनविहार हे राष्ट्रीय उद्यान असल्याने तेथे गळ टाकता येत नाही. अन्यत्रही आधी परवानगी विचारावी. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या विणीचा बंदी काळ असतो. नर्मदेतील महासीर 2011 मध्ये त्या राज्याचा राज्य मासा झाला, पण धरणांमुळे त्याची संख्या खालावली आहे. म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मग मासा फारशी जखम न होता सुटतो आणि परत पाण्यात सोडता येतो. या एका कृतीला एक पैसाही पडत नाही.

गोव्यात गरी घेऊन बसणाऱ्यांना यातले बहुतेक साहित्य म्हापशाच्या बाजारात मिळू शकते. फरक पाण्याचा आहे. खाऱ्या पाण्यात साधा गळ गंजतो, म्हणून गंजरोधक गळ घ्यावा आणि घरी आल्यावर माशी गोड्या पाण्यात धुवावी. चोणक आणि तांबोसो हे शिकारी मासे असल्याने त्यांच्यासाठी अळीऐवजी बकरीच्या लांब केसांची, बादल्याच्या दोन चमकत्या पट्ट्या लावलेली छोट्या माशाची प्रतिकृती बांधावी. राज्य मासा असलेला शेवटो मुख्यतः शेवाळ आणि गाळातले कण खातो, त्यामुळे तो अशा माशीला सहसा भुलत नाही. कोणता मासा काय खातो, हे आधी पाहून मग दोऱ्याला हात घातला, तर साहित्यावरचा निम्मा खर्च तिथेच वाचतो.