सही झाली, नोंदणी राहिली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याच वसाहतीतल्या एक काकू संध्याकाळी घरी आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत जपून ठेवलेले कागद. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. फ्लॅट आता आपल्या नावावर करून घ्यावा म्हणून त्या सोसायटीच्या कार्यालयात गेल्या, तर सचिवांनी विचारलं, “काकू, रजिस्टर झालेला करारनामा कुठं आहे? आमच्या दप्तरी तर अजून जुन्या मालकांचंच नाव आहे.”

काकूंनी पिशवीतला करार माझ्यासमोर ठेवला. २००४ सालचा. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर टाइप केलेला, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि खाली नोटरीचा गोल शिक्का. साडेसात लाख रुपये चेकने दिल्याच्या पावत्याही सोबत होत्या. वीस वर्षं त्या घरात राहून, मेंटेनन्स आणि मिळकतकर वेळेवर भरून, कागदोपत्री मात्र घर दुसऱ्याचंच होतं. त्या वेळी मध्यस्थानं काकांना सांगितलं होतं, “रजिस्ट्रेशनला खर्च फार येतो. नोटरी केलं की झालं. पुढं सवडीनं बघू.” ती सवड काकांना मिळालीच नाही. आणि ज्यांनी घर विकलं ते गृहस्थही दरम्यान वारले होते.

श्रोतेहो, घर घेणं हा आपल्यासारख्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार. भाजी घेताना जुडी उलटीपालटी करून पाहणारे आपण, घराच्या कागदांवर मात्र दाखवतील तिथं सही करतो. म्हणून आज या नोंदणीबद्दल थोडं सविस्तर बोलू.

नोटरी वेगळं, नोंदणी वेगळी

नोटरी फक्त एवढंच सांगतो की, या माणसानं माझ्यासमोर सही केली. नोंदणी म्हणजे जुन्या काळातली चावडीवरची दवंडी. अमुक मिळकत अमक्यानं तमक्याला दिली, हे सरकारी दप्तरात लिहिलं जातं आणि ते कुणालाही पाहता येतं. कायदा असं मानतो की, नोंदलेल्या दस्ताची माहिती साऱ्या जगाला आहे. उद्या तेच घर कुणी दुसऱ्याला विकू पाहिलं, तर घेणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

आपला नोंदणी कायदा १९०८ सालचा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे हक्क देणारा दस्त नोंदवलाच पाहिजे, असं त्याचं कलम १७ सांगतं. न नोंदवल्यास काय, याचं उत्तर कलम ४९ मध्ये आहे. असा दस्त मिळकतीवर परिणाम करत नाही. करार पुरा करून मागण्याच्या दाव्यात तो पुरावा म्हणून दाखवता येतो, पण दाव्यालाही मुदत असते. ताबा घेतला आणि पैसे दिले, एवढ्यावर संरक्षण मागायचं, तर तो करारही नोंदलेला हवा, अशी दुरुस्ती २००१ साली झाली. कुलमुखत्यारपत्रावर घरं विकण्याची पद्धतही बरीच होती. त्यानं मालकी हस्तांतरित होत नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात दिला.

दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. अडचण आली, तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. त्यानंतर दार बंद. पण चार महिन्यांची वाट पाहायचीच कशाला? सही आणि नोंदणी एकाच दिवशी करावी, हे उत्तम.

निबंधक मालकी तपासत नाहीत

इथं एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. ‘सरकारनं रजिस्टर केलं म्हणजे कागद चोख’ असं आपण धरून चालतो. तसं नाही. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची होत नाही. दुय्यम निबंधक पाहतात ते असं : समोरची माणसं तीच आहेत का, त्यांना सही मान्य आहे का, मुद्रांक शुल्क भरलं आहे का. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे की नाही, याचा निवाडा करणं हे त्यांचं काम नव्हे. तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये हीच गोष्ट पुन्हा सांगितली.

म्हणजे तपासणी आपल्यालाच करायची आहे आणि तीही बयाणा देण्याआधी. विकणाऱ्याकडे घर कसं आलं, त्याआधी कुणाचं होतं, ही साखळी वकिलाकडून तपासून घ्यावी. साधारण तीस वर्षांचा शोध घेण्याची पद्धत आहे. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बांधकामाची मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे सारं पाहावं. विकणाऱ्यानं कर्ज काढलं असेल, तर मूळ कागद बँकेकडे असतात. ‘मूळ प्रत गावी आहे, झेरॉक्सवर भागवू’ असं कुणी म्हणालं, की तिथंच थांबावं.

या शोधात सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे ‘सूची क्रमांक दोन’, बोलीभाषेत ‘इंडेक्स टू’. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचं वर्णन, लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावं, तारखा आणि भरलेलं शुल्क, असा व्यवहाराचा सगळा सारांश त्या एका पानावर असतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या शोधता येतो. ज्यांना संगणक जमत नाही, त्यांनी नातवंडांना कामाला लावावं.

नवं घर बिल्डरकडून घेत असाल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद पाहावी. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ‘आधी तीस टक्के भरा, मग करार करू’ हे बेकायदा आहे.

पैशाचं गणित

आता खर्च. तो दोन प्रकारचा असतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क.

मुद्रांक शुल्क कशावर? करारातली किंमत आणि सरकारच्या वार्षिक दरपत्रकानुसार, म्हणजे रेडी रेकनरनुसार येणारी किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर. म्हणून करारात किंमत कमी दाखवून शुल्क वाचतं, हा समज बहुतेक वेळा फसवा ठरतो. वर उरलेली रोख रक्कम कुठंच लिहिलेली नसते. व्यवहार फिसकटला, तर ती परत कशी मागणार?

पुणे महापालिका हद्दीत पाच टक्के मूळ शुल्क, एक टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि एक टक्का मेट्रोचा, असे सात टक्के होतात. मुंबईत ते सहा टक्के आहेत. खरेदीदार केवळ महिला असेल, तर निवासी घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. पती-पत्नी दोघांच्या नावे घर घेतलं, तर मात्र ही सवलत मिळत नाही. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार रुपये.

उदाहरण घेऊ. पुण्यात साठ लाखांना फ्लॅट ठरला आणि रेडी रेकनरनं त्याची किंमत ६२ लाख येते. शुल्क ६२ लाखांवर लागेल. सात टक्क्यांनी ४ लाख ३४ हजार. घर गृहिणीच्या एकटीच्या नावे घेतलं, तर ३ लाख ७२ हजार. वर नोंदणीचे तीस हजार. घराचा हिशेब मांडताना ही रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढावी, कारण बँकेचं कर्ज सहसा तिच्यासाठी मिळत नाही. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्याची असते. अनेकांना हे नोटीस आल्यावरच कळतं.

शुल्क सहीच्या आधी, सहीच्या दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं असावं. उशीर झाला, तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के दंड चढतो. तेलगीच्या बनावट मुद्रांकांचा घोटाळा आपल्याला आठवत असेलच. आज मोठ्या रकमेचं शुल्क ई-चलनानं थेट सरकारी खात्यात जमा करता येतं. चलन आपल्या डोळ्यांसमोर भरावं. ‘रोख द्या, मी भरतो’ या वाक्याला होकार देऊ नये.

कार्यालयातला दिवस

पुण्यात दुय्यम निबंधक कार्यालयांना ‘हवेली क्रमांक अमुक’ अशी नावं आहेत. दस्ताची माहिती आधी संकेतस्थळावर भरावी लागते. वेळही आरक्षित करता येते. सोबत मूळ दस्त, चलन, पॅन कार्ड, आधार कार्ड, आधीच्या खरेदीची सूची क्रमांक दोन आणि ओळख पटवणारे दोघे जण. तिथं प्रत्येकाचं छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, सही मान्य आहे का विचारलं जातं. पूर्वी दस्त हाती यायला महिनोन् महिने लागत. संगणक आल्यापासून तो स्कॅन होऊन बहुधा त्याच दिवशी परत मिळतो.

घरातलं वृद्ध किंवा आजारी माणूस कार्यालयात येऊ शकत नसेल, तर कायद्यात गृहभेटीची सोय आहे. शुल्क भरून अर्ज केला, की अधिकारी घरी येतात. खुर्चीवर उचलून जिने चढवण्याची गरज नाही.

एक सूचना मात्र आवर्जून. सही करण्याआधी दस्त स्वतः वाचा. नावातलं एक अक्षर, फ्लॅटचा क्रमांक, क्षेत्रफळ, सर्व्हे क्रमांक, पार्किंग. नोंदणीनंतर चूक सापडली, तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना पुन्हा हजर राहावं लागतं. पैसे मिळालेला विकणारा दुसऱ्यांदा किती आनंदानं येईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

नंतरची कामं

दस्त हाती आला, की पेढे वाटावेत, पण काम संपलं असं समजू नये. सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव लावणं, महापालिकेत मिळकतकराला नाव लावणं, वीजमीटर नावावर करणं, स्वतंत्र मिळकत असेल तर फेरफार, ही कामं वेगवेगळ्या दारांत करावी लागतात. सोसायटीला महापालिका हद्दीत हस्तांतरासाठी पंचवीस हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावं. आणि आपल्या इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, हेही विचारावं. बिल्डर टाळाटाळ करत असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. फ्लॅटची नोंदणी झाली म्हणजे जमीनही आपोआप सोसायटीची होत नाही.

आता काकूंचं काय झालं, ते सांगतो. आठ महिन्यांची मुदत केव्हाच उलटली होती. जुना करार तसाच नोंदवता येणार नव्हता. उपाय एकच उरला. जुन्या करारावरचं शुल्क भरायचं आणि मूळ मालकाच्या वारसांकडून त्या व्यवहाराला दुजोरा देणारा नवा दस्त करून तो नोंदवायचा. नशिबानं त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ पासून, सरकारची मुद्रांक शुल्क अभय योजना सुरू झाली होती. त्यामुळे दंडात मोठी सूट मिळाली. पण वारस होते तिघं. थोरला मुलगा सज्जन. “बाबांनी पैसे घेतलेत, आमची सही हक्काची,” म्हणाला. मुलगी नागपूरहून येऊन सही करून गेली. धाकट्यानं मात्र आजचे भाव काढले. त्याची समजूत पटायला आठ महिने गेले. काकूंचं वजन तेवढ्यात सात किलोनं उतरलं.

२०२४ च्या पावसाळ्यात दस्त नोंदला गेला. कार्यालयाबाहेर काकूंनी सूची क्रमांक दोनचा तो एक कागद उलटसुलट करून पाहिला. लिहून घेणार म्हणून त्यांचं आणि त्यांच्या मुलीचं नाव होतं. मला म्हणाल्या, “एवढ्याशा कागदासाठी वीस वर्षं मी माझ्याच घरात पाहुणी होते हो.”

तुमच्याही कपाटात असा एखादा ‘सवडीनं बघू’ म्हणून ठेवलेला करार असेल. आज रविवार आहे. जेवणं झाली, की तो बाहेर काढा आणि शेवटच्या पानावर शिक्का नोटरीचा आहे की दुय्यम निबंधकांचा, एवढं पाहा. शिक्का नोटरीचाच असेल, तर उद्या सोमवारी वकिलांना फोन करा. ज्यांनी सही करायची, ती माणसं हयात आहेत तोवरच हे काम सोपं असतं.