पाण्यावर फिरणारं जातं

जेवणं उरकून रेडिओजवळ बसला असाल, तर आज दळणाची गोष्ट ऐका. आपल्या आजीनं पहाटे उठून जातं ओढलं. आईनं डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या गावची गिरणी गाठली. आपण लाइट येण्याची वाट बघत डब्यांची रांग लावतो. बाईच्या आयुष्यातला केवढा वेळ पिठात गेला, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी अभ्यासदौऱ्यात आम्ही उत्तराखंडातल्या टिहरी जिल्ह्यात गेलो होतो. एका ओढ्याकाठी दगडाची बुटकी खोली दिसली. वाकून आत बघितलं, तर माणूस कुणी नाही आणि जातं आपलं फिरतंय! आमच्यातल्या एका मावशींनी चक्क हात जोडले. थोड्या वेळानं दळणवाली बाई गवताचा भारा घेऊन आली. दाणे घालून ती रानात गेली होती. मला तर तिचा हेवाच वाटला.

या पाणचक्कीला तिकडे घराट म्हणतात. तिचं काम समजायला अवघड नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला दगड रचून पाणी वळवतात आणि चारी काढतात. तिला तिकडे गूल म्हणतात. चारी डोंगराच्या कडेनं जवळजवळ सपाट येते, ओढा मात्र भराभर खाली उतरतो. त्यामुळे घराटापाशी येईपर्यंत चारी ओढ्यापेक्षा एक-दोन पुरुष उंच झालेली असते. तिथून पाणी लाकडी पन्हळीत सोडतात. झाडाचं खोड कोरून केलेली ही पन्हळ खालच्या तोंडाला निमुळती असते, म्हणून पाणी जोरात सुटतं आणि खोलीखालच्या चाकाच्या पात्यांवर आदळतं. हे चाक बैलगाडीच्या चाकासारखं उभं नसतं, आडवं असतं, भोवऱ्यासारखं फिरणारं. त्याचा दांडा सरळ वर येतो, खालच्या तळीच्या भोकातून निघतो आणि वरच्या दगडात अडकतो. तळी जागची हलत नाही, वरचा दगड फिरतो. पट्टा नाही, दात्यांची चाकं नाहीत.

मला सगळ्यात आवडली ती वैरण घालायची तऱ्हा. दगडावर दाण्यांची टोपली टांगलेली असते. तिच्याशी जोडलेली एक काडी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड खडबडीत, म्हणून काडी थरथरते आणि तिच्या धक्क्यानं दाणे थोडे थोडे मुखात पडतात. पाणी वाढलं, दगड जोरात फिरला, की दाणेही जास्त पडतात. दगड थांबला की दाणे थांबले.

जुन्या पद्धतीच्या घराटात तासाला साधारण पाच ते दहा किलो दळण होतं. आपल्या गिरणीपुढे ते काहीच नाही. पण दगड सावकाश फिरतो, म्हणून पीठ तापत नाही. आपल्या गिरणीतून आणलेलं पीठ डब्यात किती वेळ गरम असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे नाचणीला मंडुवा म्हणतात आणि तो घराटातच दळलेला हवा, असं म्हणणारी माणसं अजून आहेत. दळणाचे पैसे पूर्वी नव्हतेच. घराटवाला पिठातला वाटा ठेवून घ्यायचा, आपल्याकडच्या बलुत्यासारखा.

आपल्या मराठवाड्यातही पाणचक्की आहे. छत्रपती संभाजीनगरला सहलीला गेलेल्यांनी ती बघितली असेल. मलिक अंबरनं सतराव्या शतकात त्या शहराला नहरींनी पाणी दिलं. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून पाणचक्की चालवली गेली. तिथं यात्रेकरूंसाठी आणि सैन्यासाठी धान्य दळलं जाई. तीही याच जातीची, पाण्याच्या धारेनं पाती फिरवणारी.

मग घराटं बंद का पडली? डिझेलच्या आणि विजेच्या चक्क्या आल्या, हे एक कारण. पण सगळा दोष चक्कीवर टाकू नका. रस्ते करताना डोंगरातला राडारोडा खाली ढकलला की गूल बुजते. झरे आटले की पाणीच पुरत नाही. 2013 च्या महापुरात केदारनाथच्या खोऱ्यात किती तरी घराटं वाहून गेली. शिवाय पाण्यावरचा हक्क आहेच. इंग्रजांनी 1917 साली कुमाऊँ भागासाठी नियम करून पाणी सरकारच्या ताब्यात घेतलं आणि 1975 च्या कायद्यानं गावांचे उरलेसुरले जुने हक्कही गेले. वीजप्रकल्पासाठी ओढा बोगद्यात घातला, तर खालच्या घराटवालीनं कोणता कागद दाखवायचा?

वाचवायचे प्रयत्नही झाले. डेहराडूनजवळच्या हेस्को संस्थेनं, डॉ. अनिल जोशी यांनी, घराटांना बॉलबेअरिंग आणि लोखंडी पाती बसवली. दळण दुपटीहून वाढलं. काही ठिकाणी तर दिवसा दळण आणि रात्री त्याच पाण्यावर वीज, असं सुरू झालं. घराट नुसतं बघायला ठेवलं तर ते पडणार, त्यातून चार पैसे मिळाले तर टिकणार, हा त्यामागचा हिशेब मला पटला.

आम्ही बघितलेलं घराट एक दीदी चालवायची. नवरा कामाला दिल्लीत. ती मला भुली म्हणाली, म्हणजे धाकटी बहीण. तिला विचारलं, सगळ्यात अवघड काय? मला वाटलं, दगडाला टाकी लावणं म्हणेल. ती म्हणाली, गूल साफ करणं. पूर्वी पावसाळा संपला की घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचं. आता चक्कीवर दळणारे म्हणतात, आमचा काय संबंध? मग ती आणि तिची जाऊ, दोघीच आठ दिवस गाळ उपसतात.

हे ऐकून मी गप्पच झाले. आमच्या गटानं कर्ज काढून गिरणी घेतली होती. व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटार जळाली आणि गिरणी चार महिने झाकून पडली. हप्ते मात्र चालूच. मोटार कशी जपायची, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

परत आल्यावर मी बैठकीत मांडलं, की दळणाच्या किलोमागे पन्नास पैसे दुरुस्तीसाठी बाजूला काढू आणि दोघींना मोटारीचं काम शिकायला पाठवू. शिकायला चौघी तयार झाल्या. पन्नास पैशांवरून मात्र भांडण झालं. दर वाढवला तर गिऱ्हाईक पलीकडच्या गिरणीवर जाईल, असं खजिनदार ताई म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. येत्या बैठकीत पुन्हा हाच विषय आहे. काय ठरतं ते पुढच्या वेळी सांगते.