मोटारीचे पुढचे चाक का खडखडते?

बैलगाडीचा आख झिजला की चाक डुगडुगते. तुंब्यात खट्‌खट्‌ वाजते. गाडीवान खाली उतरतो, दोन्ही हातांनी चाक धरून हलवून पाहतो आणि दोष कुठे आहे ते सांगतो. मोटारीचेही असेच आहे. फरक इतकाच, की बैलगाडीत झिजायच्या जागा दोनचार असतात. मोटारीच्या पुढच्या चाकांभोवती त्या पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच वरून दिसत नाहीत.

रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याचे गाव. खाली पायनघाटची काळी जमीन, वर बुलढाण्याचा डोंगर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही मग वरखाली होतो, फुटतो. अशा रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीची पुढची बाजू लवकर ढिली पडते. आणि हीच गाडी मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाते, माणसे घेऊन परत उतरते. उतरताना ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो. म्हणून पुढून खट्‌खट्‌ ऐकू आली तर ‘चालतंय अजून’ म्हणून सोडून देऊ नये.

गॅरेजात बहुतेक वेळा बोलणे असे होते.

“मिस्त्री, गाडी पुढून खट्‌खट्‌ करून राह्यली.”

“केव्हा करते?”

“सारखीच करते ना भाऊ.”

“सारखी नाही करत. केव्हा करते ते सांगा.”

मिस्त्रीचा प्रश्न बरोबर आहे. आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. लोखंडातून आवाज दूर जातो. डाव्या चाकाचा आवाज पायाखाली वाजल्यासारखा वाटतो. पण आवाज केव्हा येतो हे मात्र चालवणाऱ्याला नक्की सांगता येते.

आधी पुढच्या चाकाची रचना पाहू. खड्डा आला की चाक वर-खाली झाले पाहिजे आणि गाडी मात्र स्थिर राहिली पाहिजे. त्यासाठी स्प्रिंग असते. जुन्या जीपला पुढेही पोलादी पाटे असत. स्प्रिंग एकदा दबली की पुन्हा पुन्हा उसळते. ही उसळी थांबवायला आत तेल असलेली नळी असते, तिला आपण शॉकअप म्हणतो. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबासारखे जोडलेले असतात. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने ही रचना आणली. १९५० च्या सुमारास ती फोर्डच्या गाड्यांत आली. आपल्याकडे १९८३ साली निघालेल्या मारुती ८०० गाडीत पुढे हीच रचना होती.

चाक जागेवर धरून ठेवायला खाली एक लोखंडी हात असतो. त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशाने जोडलेले असते. दुसरे टोक चाकाकडे बॉल जॉइंटने जोडलेले असते. माणसाच्या खुब्यात जसा वाटीत गोळा बसलेला असतो, तसाच हा सांधा. चाक वर-खाली होते आणि वळतेही, ते याच सांध्यावर.

रबर फाटले किंवा गोळा झिजला की मध्ये फट पडते. फट सुतासारखी बारीक असली तरी पुरते. भार एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की लोखंडावर लोखंड आपटते. तोच खट्‌ आवाज.

आता ‘केव्हा’ या प्रश्नाकडे येऊ. गाडी हळू चालवून स्पीड ब्रेकरवर सरळ न्या. दोन्ही चाके एकदम वर चढली पाहिजेत. मग परत येऊन एकच चाक त्याच्यावर जाईल अशी गाडी न्या. पहिल्या वेळी गाडी गप्प राहिली आणि दुसऱ्या वेळी खट्‌खट्‌ वाजली, तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. का, ते पाहा. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी एक आडवी सळई असते. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून ती असते. दोन्ही चाके बरोबर उचलली तर ती पिळली जात नाही. एकच उचलले तर पिळली जाते आणि तिच्या टोकाचे लिंक रॉड ओढले जातात. ते झिजले असले तर तेव्हाच वाजतात. ही वस्तू इतर भागांच्या मानाने स्वस्त असते. पण ती न पाहताच दोन्ही शॉकअप बदलून घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पैसे गेले, आवाज तिथेच राहिला.

ब्रेक दाबला की एकदाच ‘धप्‌’ होते आणि सोडला की पुन्हा एकदा होते, अशा वेळी लोअर आर्मचे बुश पाहावेत. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना वर बॉनेटच्या बाजूला ‘टण्‌’ वाजले, तर खांबाच्या वरच्या टोकाचे रबर आणि बेअरिंग पाहावे. मोठ्या खड्ड्यात दणका बसतो आणि पुढे गाडी दोनतीनदा डोलते, तर शॉकअप गेला असे समजावे. त्याच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले तर शंकाच उरत नाही. पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना ‘कट्‌ कट्‌ कट्‌’ वाजले, तर दोष बहुधा चाक फिरवणाऱ्या आक्सलच्या सांध्याचा असतो, सस्पेन्शनचा नसतो.

आणि हो, आधी डिकी उघडून पाहावी. जॅकचा दांडा सुटा पडलेला असतो आणि आपण पुढचे चाक खोलत बसतो!

या सगळ्यांत एक दोष थांबण्यासारखा नाही. तो म्हणजे बॉल जॉइंटचा. लिंक रॉड तुटला तर गाडी वळणावर जास्त कलते, पण हळू चालवत घरापर्यंत आणता येते. बॉल जॉइंट निखळला तर चाक बाहेर किंवा आत दुमडते, गाडीचा तो कोपरा रस्त्यावर बसतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. घाटाच्या वळणावर असे झाले तर आतल्या माणसांचे काय होईल ते सांगायला नको. स्टिअरिंगकडून येणाऱ्या टाय रॉडच्या टोकालाही असाच छोटा गोळा असतो. तोही तितकाच महत्त्वाचा.

हे दोन्ही तपासायला गाडी सपाट जागी उभी करावी. मागच्या चाकांना दगड लावावेत. जॅकने पुढचे चाक उचलावे आणि गाडीखाली मजबूत घोडी किंवा लाकडी ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, कितीही जुना मिस्त्री असो, जाऊ नये. मग चाक वर आणि खाली हात लावून हलवावे. हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलत राहिले तर बॉल जॉइंट पाहावा. डाव्या-उजव्या बाजूला हात लावून हलवल्यावर खट्‌ झाले, तर टाय रॉड पाहावा. बॉल जॉइंटची खात्री करायला पहार घेऊन लोअर आर्म आणि चाकाकडचा भाग यांच्यामध्ये हलकेच उचकावे आणि सांध्यावर बोट ठेवावे. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. काही गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते. तिथे जॅक आर्मच्याच खाली लावावा, नाहीतर स्प्रिंगचा दाब सांध्याची ढिलाई लपवून टाकतो.

झिजलेला बॉल जॉइंट सापडला तर गाडी तिथेच ठेवावी. दोन दिवसांचे भाडे बुडेल, बुडू द्यावे.

दुरुस्तीत एक चूक पुष्कळ ठिकाणी होते. नवे रबरी बुश बसवताना चाक हवेत लटकलेले असते आणि तसेच बोल्ट आवळले जातात. मग गाडी खाली घेतली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी आणि मगच पक्के आवळावेत. शॉकअप बदलायचे तर डावा-उजवा जोडीनेच बदलावा. आर्म किंवा टाय रॉड बदलला की चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतात.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी गाडी पुन्हा त्याच स्पीड ब्रेकरवर न्यावी. आधी सरळ, मग एकच चाक घालून. काचा खाली कराव्यात, रेडिओ बंद करावा आणि मिस्त्रीला शेजारी बसवून दोघांनी ऐकावे.